बुवांचा आवाज, थोडा

"...पण काका, हे तुम्हाला जोडता येतं ना नक्की?"

सुहासनं असं विचारलं आणि माझं डोकं फिरलं.

"अरे, सावंतवाडीपासून खारेपाटणपर्यंत माझ्यासारखा तिखट कान असलेला साऊंडवाला दाखव. सुई पडली तर कितव्या नंबरची ते सांगतो मी."

हे खरं आहे. फक्त डाव्या कानाचं खरं आहे. उजवा कान कर्ण्यानं खाल्ला. सुई उजव्या अंगाला पडली, तर ती पायात घुसेपर्यंत मला पत्ता नसतो.

शाळेचंही तसंच. मी शाळा सहावीत सोडली, पण शाळेनं मला चौथीतच सोडलं होतं. म्हणून डब्याबरोबर जे पुस्तक येतं, त्यातली मी फक्त चित्रं वाचतो.

डबा म्हणजे ट्रान्समीटर. सुहासनं मुंबईहून आणला होता. मिक्सरमधून आवाज त्या डब्यात, डब्यातून हवेत, हवेतून कमरेच्या रिसीव्हरमध्ये, आणि रिसीव्हरमधून बारीक वायरीनं दोन्ही कानांत. ऑर्केस्ट्रावाले गायक कानात बोंडं घालून नाचतात ना, ते हेच.

आमच्याकडे मात्र कुणी नाचणार नव्हतं. आमच्याकडे डबलबारी होती.

ज्यानं डबलबारी बघितली नाही त्याला सांगतो. भजन असतं, पण भांडणाचं. रवळनाथाच्या देवळासमोर मांडव, मांडवात दोन मंच, समोरासमोर. इकडे एक बुवा, तिकडे एक बुवा. दोघांपुढे पेटी, बाजूला मृदंग, मागे झांजा. एक गातो, टोमणा मारतो, प्रश्न टाकतो. दुसऱ्यानं तो परतवायचा. गप्प बसला तो हरला. चुकीचं बोलला तो त्याच्याहून हरला.

रात्री दहाला पोलीस येतात म्हणून कमिटीनं बारी दुपारी चारची ठेवली होती. ऊन असं, की पत्र्याखाली माझा मिक्सर तव्यासारखा तापलेला.

एका मंचावर सुहास बसणार होता.

समोरच्या मंचावर दाजीबुवा नेमळेकर.

सुहासचे गुरू.

दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण साधं होतं. बुवांची एक गजराची चाल आहे. म्हातारा ती उचलतो तेव्हा मांडवातली पोरं रडायची थांबतात. ती चाल सुहासनं स्वतःच्या नावानं मोबाईलवर टाकली. लोकांनी वाहवा केली. त्यानं ती घेतली.

बुवांना कळलं. सुहास पडवीत ज्या पाटावर बसून शिकला होता, तो पाट त्यांनी चुलीत घातला.

...

"बटण दाब," मी म्हटलं.

सुहासनं दाबलं. तो डबा हवेत रिकामी जागा शोधतो. जत्रेत रिक्षा लावायला शोधतात तशी.

सापडली. आणि कानात अशी किंकाळी आली की सुहासनं बोंडं उपटून फेकली.

"काका!"

"ओरडू नको. ह्या जागेवर आधीच माझा कॉर्डलेस माईक बसलाय. दोघं एकमेकांच्या मांडीवर बसले."

"मग आधी बघायचं ना!"

"आधी बघितलं असतं तर तू उडी कशी मारली असतीस?"

मग माईक बंद केला, पुन्हा शोधलं, दुसरी जागा घेतली. मग डबा आणि रिसीव्हर ह्यांची ओळख करून द्यायची असते. दोघांची तोंडं समोरासमोर धरायची, मग ते एकमेकांना ओळखतात. नवरानवरीचं जसं. मध्ये अंतरपाट असला की ओळख होत नाही. इथं मध्ये माझा अंगठा होता. चार वेळा लग्न मोडलं.



शेवटी जमलं. आवाज शून्यावर ठेवून बोंडं कानात घातली, हळूहळू वाढवला. त्याची पेटी, त्याचा मृदंग, त्याच्या झांजा, त्याचा गळा.

तो डोळे मिटून उभा राहिला.

"काका... काय स्वच्छ आहे हो. जगात दुसरं कुणी नाहीच असं वाटतं."

आता माझ्या मिक्सरवर एक बटण आहे. ते दाबून बोललं की माझा आवाज फक्त त्याच्या कानात जातो. मांडवात कुणाला कळत नाही. माझ्यासारख्याच्या हातात असलं बटण देऊ नये. पण दिलं होतं.

मी दाबलं. आवाज खोल केला.

"सुहाऽऽस... मी रवळनाथ बोलतोय. माझा नारळ खंय?"

पोरगा असा उडाला की पेटीवर पडता पडता राहिला. मी हसून हसून खाली बसलो. तो शिव्या देत माझ्याकडे यायला निघाला, आणि अर्ध्यावरच थांबला.

मांडवाच्या तोंडाशी दाजीबुवा उभे होते.

सत्तरी उलटलेला माणूस काठी घेऊन चालतो. हे राग घेऊन चालतात. पांढरा लेंगा, काळी टोपी, आणि डोळे असे की समोरच्यानं आधी माफी मागावी, गुन्हा नंतर शोधावा.

ते थेट सुहाससमोर येऊन उभे राहिले. दोन वर्षांनी.

"कानात काय घातलंस?"

"बुवा, हे... आपला आवाज आपल्याला नीट ऐकू यावा म्हणून."

"आपलो?"

"हो."

"आणि माजो?"

सुहासनं माझ्याकडे बघितलं. मी मिक्सरकडे बघितलं. मिक्सर बिचारा कुणाकडे बघणार.

"तुमचा पण देतील ना बाबलकाका," सुहास म्हणाला. "थोडा."

"थोडो..."

बुवांनी तो शब्द सुपारीसारखा दाढेत धरला.

"माजो आवाज तुका देवक बाबलो कोण?"

"बुवानू," मी म्हटलं, "मी फकस्त बटण फिरवतंय."

"गप रव. आत्ता हो उडालो कित्याक? त्याच्या कानात कोण बोललो?"

"...मी."

"काय सांगलंस?"

"देव बोलतंय म्हणान."

बुवा माझ्याकडे बघत राहिले. मागे झांजवाल्यानं हसू दाबलं, ते त्याच्या नाकातून आलं.

"गुरू मी," बुवा म्हणाले. "कान फुकता बाबलो. आणि नाव सांगता देवाचा."

मला उत्तर सुचलं होतं. पण ते मी गिळलं. मी गिळलेली उत्तरं मोजायला दोन बोटं पुरतात, त्यातलं हे एक.

बुवांनी सुहासकडे पाठ केली आणि मांडवाच्या तोंडाकडे हात केला. तिथं बॅनर होता. सुहासचा मोठा फोटो, पेटीवर बोटं, आणि खाली लाल अक्षरांत, 'दाजीबुवा नेमळेकर यांचे पट्टशिष्य'.

"ह्या माजा नाव थंय कोणी घातला?"

"मी, बुवा."

"माका इचारलंस?"

बुवा थांबले नाहीत.

"माजी चाल तुज्या नावान. माजा नाव तुज्या बॅनरार. खंयचो नियम रे हो?"

सुहासचा चेहरा लाल झाला. "बुवा, मी आज..."

"आज मी एकच प्रश्न टाकतलंय," बुवांनी त्याचं बोलणं मध्येच तोडलं. "एकच. भर मांडवात जबाब दिलंस, तर नाव रवतला. नायतर कोयती आणून माजा नाव मी कापून नेतलंय. मगे तू आणि तुजो आवाज. स्वच्छ."

आणि गेले.

सुहासनं कानातली बोंडं मुठीत अशी आवळली की मी म्हटलं, "मोडतील."

"मोडू देत! बघितलंत ना? बघितलंत? बोलू दिलं मला? ह्यासाठी पाहिजे मला हे. त्यांनी नुसतं 'रे' म्हटलं तरी माझा सूर पडतो!"

"मग आज बसायला नको होतं."

"आज बसायलाच हवं."

त्यानं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. माझ्या उजव्या कानात बोलला. मी त्याला डावीकडे ओढला. त्यानं पुन्हा सांगितलं.

"काका, आज गजर धरायच्या आधी मी सांगणार आहे. ही चाल दाजीबुवांची, मी चोरली. सांगणार, आणि उठून समोर जाऊन पायांवर डोकं ठेवणार. सगळ्यांसमोर. ज्यांनी वाहवा केली त्या सगळ्यांसमोर."

"अरे, मग आत्ताच सांगून टाक की."

"आत्ता? ते श्वास घेऊ देतात का? आणि मांडवात बोलताना रडलो, सूर गेला, लोक हसले, तर ते नाटक म्हणतील. मला शेवटपर्यंत नीट सुरात राहायचंय. एवढंच."

सकाळपासून त्यानं चहासुद्धा घेतला नव्हता. मी भजीचा कागद पुढे केला. त्यानं ढकलला. भजी मी खाल्ली. वाया कशाला.

बुवांच्या घरी असताना हा मुलगा असा उपाशी राहायचा नाही. कॉलेजला होता तेव्हा तिथंच राहायचा. पडवीत शिकायचा, स्वयंपाकघरात जेवायचा. बुवांची बायको, आमच्या काकी, मागच्या दारानं हाक मारायच्या आणि बुवा पुढच्या दारानं शिव्या द्यायचे, आणि ह्याचं पोट दोन्हींनी भरायचं.

"काका, बुवांचा आवाज किती द्याल?"

"किती देऊ?"

त्यानं मूठ उघडून बोंडांकडे बघितलं.

"थोडा. कळण्यापुरता. लागण्यापुरता नको."

...

चारला बारी सुरू झाली. पहिली बारी थोरल्याची. बुवा बसले.

मी डाव्या कानावर हेडफोन चढवला. सुहासच्या कानात जे जातं तेच मला ऐकू यावं म्हणून. म्हणजे माझा एक कान कर्ण्यानं खाल्लेला आणि दुसरा सुहासला दिलेला. मांडवाला द्यायला तिसरा माझ्याकडे नव्हता. त्या वेळी हे माझ्या ध्यानात आलं नाही. माझा सगळा जीव त्या डब्याच्या हिरव्या दिव्यात.

बुवा गायले. काय गायले ते मी थोडं ऐकलं. बटणच तेवढं उघडलं होतं.

मग टोमणे सुरू झाले.

"गाय चोरलंस तर ती हंबारता," बुवा माईकवर म्हणाले. "मालकाक वळखता. चाल बिचारी... मोबाईलात बसता आणि चोराचा नाव सांगता!"

मांडव कोसळला. म्हणजे हसून. मला ते हलणाऱ्या टोप्यांवरून कळलं.

सुहास समोर बसून मंद हसत होता. नुसता हसत होता. त्याच्या कानात तो टोमणा मुंगीएवढा गेला असणार. खांदे सैल, मान ताठ, बोटं पेटीवर. असा सुहास मी कधी बघितला नव्हता. मला माझाच अभिमान वाटला. म्हटलं, बाबल, तू पोराला चिलखत घातलंस.

बुवांनीही ते हसू बघितलं.

त्यांनी दुसरा टोमणा मारला. तो ह्याच्याहून तिखट होता. सुहास तसाच हसत राहिला.

तिसरा.

तसाच.

बुवांनी पेटीवरचे हात उचलले. थोडा वेळ सुहासच्या कानाकडे बघत राहिले.

आणि मग त्यांनी हातानं माईकचा स्टँड बाजूला केला. लांब. दरवाज्यात आलेली फांदी बाजूला करावी तसा.

मिक्सरवर बुवांच्या माईकची पट्टी मेली. दिवा नाही, काटा नाही. मी म्हटलं, झालं, वायर गेली. कमिटीवाला आता माझ्या सात पिढ्या काढणार. मी टेबलाखाली घुसलो. जॅक हलवला, काढला, फुंकला, घातला. हेडफोनची लांब वायर मागे ओढत, माईकची वायर धरून मंचापर्यंत रांगत गेलो, पुन्हा रांगत आलो. घाम डोळ्यांत. कमिटीला शिव्या, जॅकला शिव्या, मुंबईला शिव्या.

वर आलो तेव्हा सगळा मांडव सुहासकडे बघत होता.

बुवांचा हात त्यांच्या तोंडाजवळ होता. पाच बोटं जुळवलेली. मग तोच हात त्यांनी सुहासकडे केला.

आणि सुहास माझ्याकडे बघत होता. कानाला बोट लावून. भुवया वर.

काय म्हणाले?

आता बघा. ह्या वेळी शहाणा माणूस काय करतो? दोन्ही हात हलवून सांगतो, बाबा, मलाही ऐकू आलं नाही. पण मघाशीच मी सुईचा नंबर सांगणारा कान मिरवला होता. आणि बुवांची पाच बोटं तर तोंडाजवळ होतीच. आमच्याकडे पाच बोटं तोंडाजवळ नेली तर एकच अर्थ होतो.

मी बटण दाबलं.

"विचारतायत, कोणाकडचं जेवून आलास एवढा जोर करून? परतवून दे!"

सुहासचा चेहरा उजळला. टोमणा सोपा निघाला असं वाटलं असावं त्याला. त्यानं माईक जवळ ओढला, पेटीवर एक सूर दाबला, आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"घरचा माल आहे, बुवा! एकदम घरचा! कोणाच्या दारात हात पसरायला गेलो नाही कधी!"

मी टाळी वाजवली.

माझी एकट्याची.

बुवांच्या मृदंगवाल्यानं हात मांडीवर ठेवले. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. बायकांच्या बाजूला एक बाई उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. मी हेडफोन काढला. पंख्याचा आवाज येत होता. नुसता पंख्याचा. बारीत माणसं हसतात, ओरडतात, चपला फेकतात. पंखा ऐकू आलेला मी पहिल्यांदाच बघितला.

बुवांनी पेटीचा भाता मिटला. कडी लावली. टोपी नीट केली. आणि मंचावरून उतरून मांडवाबाहेर गेले.

सुहासला ह्यातलं काही कळलं नाही. त्याच्या कानात त्याचा सूर स्वच्छ वाजत होता. उत्तर देताच त्यानं डोळे मिटले होते; मिटल्या डोळ्यांनीच आलाप घेतला. मग हात जोडले.

"मंडळी, गजर धरायच्या आधी मला एक सांगायचं आहे. ही चाल..."

डोळे उघडले.

समोर पाय नव्हते. पेटी होती, बंद. माईकचा स्टँड होता, तोंड फिरवलेला.

"ही चाल..."

त्यानं कानातली बोंडं काढली. मांडव त्याला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

"लाज नाय," पुढच्या रांगेतलं कुणी तरी म्हणालं. हळूच म्हणालं. पण आता त्याला सगळं ऐकू येत होतं.

...

तो मंचावरून उडी मारून माझ्याकडे आला.

"काय विचारलं त्यांनी?"

"जेवलास काय."

"काका, काय विचारलं त्यांनी?"

उत्तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं दिलं. तो आमच्याकडे बघतसुद्धा नव्हता. समोर बघत बोलला.

"इचारल्यानी, हो गळो तुका कोणी दिलो?"

सुहासनं माझी कॉलर धरली.

"मी काय उत्तर दिलं! काका, मी काय उत्तर दिलं! त्यांच्या स्वयंपाकघरात जेवलोय मी! काकींच्या हातचं! आणि मी म्हणालो, कोणाच्या दारात..."

"अरे, बोटं तोंडाकडे होती..."

"गळ्याकडे होती! गळ्याकडे!"

"माझ्या बाजूनं तोंडाकडे दिसली रे!"

"मग दिसली म्हणून सांगायचं! ऐकली म्हणून का सांगितलंत?"

त्यानं मला कॉलरनंच ओढत मांडवाबाहेर नेलं.

दाजीबुवा बॅनरपाशी होते. नारळवाल्याची कोयती घेऊन स्वतःचं नाव कापत होते.

नारळाची कोयती नारळ फोडते, बॅनर कापत नाही. प्लास्टिक नुसतं ताणलं जात होतं. बुवा दात खाऊन ओढत होते. 'दाजी' अर्धं लोंबत होतं, 'बुवा' अजून वर घट्ट. बघून हसायला येईल असं होतं. कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. आता काय म्हणावं.

"बुवा!"

कोयती चालत राहिली.

"बुवा, मला ऐकू आलं नाही!"

"दिसला माका."

"हे होतं कानात. आणि ह्या बाबलकाकांनी मला सांगितलं की तुम्ही विचारताय, जेवलास काय!"

कोयती थांबली.

बुवांनी मान वळवली. आधी माझ्याकडे बघितलं, मग सुहासच्या मुठीतल्या माझ्या कॉलरकडे.

"तुका खंय आयकाक इला तसा?"

"नाय इला, बुवानू," मी म्हटलं. "माजो कान... त्याच्याकडे होतो."

"आणि त्याचो?"

"त्याचो माज्याकडे."

मांडवातून माणसं एकेक करून बाहेर येत होती, आमच्याभोवती उभी राहत होती.

"अख्ख्या मांडवात दोन बहिरे," बुवा म्हणाले. "एक पेटयेर, एक मशिनार. आणि माका नेमके त्येच गावले."

कुणी तरी हसलं. बुवांनी कोयती त्याच्याकडे रोखली. हसू संपलं.

तेव्हा सुहासचं सुटलं. दोन वर्षांचं जे आत साठलं होतं ते सगळं.

"तुमची पण चूक आहे, बुवा! माईक का बाजूला केलात? मुद्दाम केलात! माईकवर विचारलं असतंत तर मला ऐकू आलं असतं! मी उत्तर घेऊनच आलो होतो! तुम्ही प्रश्न टाकायच्या आधीच उत्तर घेऊन आलो होतो! विचारा ह्यांना! माईकवर विचारायला काय झालं होतं तुम्हाला?"

गावातला कुणी दाजीबुवांवर असा ओरडला नव्हता. मी डोळे मिटून घेतले. एक कान गेलेला माणूस आणखी काय मिटणार.

बुवांचा आवाज मात्र चढला नाही.

"माज्या पडवीत खंयचो माईक होतो रे?"

...

सुहासचा हात माझ्या कॉलरवरून गळला.

त्यानं कमरेचा रिसीव्हर उपटला. गळ्यातली वायर ओढून काढली. दोन्ही बोंडांसकट सगळं माझ्या छातीवर आपटलं. रिसीव्हरचा हिरवा दिवा अजून लागलेला. आत बारीक आवाजात कुणाची तरी झांज वाजत होती. डबा बिचारा प्रामाणिक, तो पाठवतच राहिला होता.

"परत विचारा," सुहास म्हणाला. आवाज फाटला होता. सूर, बिर, सगळं गेलं होतं. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. "सगळे आहेत इथं. परत विचारा, बुवा. आता विचारा. मग काय कापायचं ते कापा."

बुवांनी लोंबणाऱ्या नावाकडे बघितलं. मग सुहासच्या तोंडाकडे. सुकलेल्या ओठांकडे जरा जास्त वेळ बघितलं.

कोयती त्यांनी नारळवाल्याच्या टोपलीत टाकली. टाकली म्हणजे आपटलीच. राग अजून होता तेवढाच होता.

ते सुहासच्या अगदी जवळ गेले. त्याचा कान धरला, लहान पोराचा धरतात तसा, आणि मान तिरकी करून आत बघितलं. एक बघितला. दुसरा बघितला.

"आता कानात काय नाय मा?"

"नाही, बुवा."

"बाबलो नाय?"

"नाही."

"मगे सांग," दाजीबुवा म्हणाले. "जेवलंस काय?"